बापूंची कवळी

बँकेच्या नोकरीत माणसाच्या हातून किती नोटा जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण इतक्या नोटा हाताळूनही त्यांच्यावरचा चेहरा आपण नीट पाहिलेला नसतो, हेही तितकेच खरे. गड्डी लावताना नोट सुलटी आहे की उलटी, एवढे ओळखण्यापुरताच तो चेहरा कामाचा. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटांवर ते सेवाग्रामच्या आश्रमासमोर बसलेले दिसत. आजचा हसरा चेहरा नंतरच्या नोटांवर आला. तो 1946 सालच्या एका छायाचित्रातून घेतलेला आहे. निवृत्त झाल्यावर, माणसांचे चेहरे न्याहाळण्याच्या कादंबरीकाराच्या खोडीने, मी तो एकदा भिंगाखाली धरला. गालांची हाडे वर आलेली, ओठ किंचित आत ओढलेले, आणि हसू इतके मोकळे असूनही दात कुठे दिसत नाहीत.

गांधीजींचे चरित्र आजवर चरख्यावरून सांगून झाले, मिठावरून झाले, उपवासांवरून झाले. मला ते आज त्यांच्या तोंडावरून, अधिक नेमके सांगायचे तर त्यांच्या जबड्यावरून सांगायचे आहे. हा थट्टेचा विषय नाही. आपल्याकडे म्हातारपण पहिल्यांदा येते ते तोंडात. गुडघे नंतर दुखतात, डोळे नंतर जातात. आधी सुपारी सुटते, मग भाजलेले दाणे सुटतात, मग भाकरी दुधात कुस्करावी लागते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण उगीच पडलेली नाही. पण या म्हणीत एक गोष्ट राहून गेली आहे. चणे चावतात ते दात, पण दातांना चालवतो दुसराच कुणीतरी.

वाचकहो, एक करून पाहा. दोन्ही हातांची बोटे गालांच्या मागच्या भागावर, कानाच्या पाळीच्या जरा पुढे ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली एक टणक गाठ उठते. तो मॅसेटर नावाचा स्नायू. आता बोटे कानशिलांवर न्या आणि पुन्हा दात आवळा. तिथेही हालचाल जाणवते. तो पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस. आणखी दोन स्नायू जबड्याच्या आतल्या अंगाला असतात. त्यांची नावे टेरिगॉइड. जबडा पुढे नेणे आणि आडवा सरकवणे हे मुख्यतः त्यांचे काम. जात्यात वरचा दगड फिरतो आणि खालचा स्थिर असतो. तोंडात वरचा स्थिर आणि खालचा फिरतो. दळण्याची तऱ्हा मात्र तीच. जीभ आणि गाल हे घास पुन्हापुन्हा दातांखाली ढकलणारे हात.

या सगळ्या कारखान्याला वार्ता पुरवतात दात. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यात जाणिवेचे तंतू असतात. भातात खडा आला की आपण विचार करण्याआधीच जबडा थबकतो, तो याच तंतूंमुळे. दात गेला की हा वार्ताहरही जातो. पुढे स्नायूंना जोर लावायचा असतो, पण किती लावायचा हे सांगणारे कुणी उरत नाही. म्हणून चांगला दंतवैद्य कवळीचे माप घेण्याआधी रोग्याचे गाल, कानशिले आणि कानापुढचा सांधा चाचपून पाहतो. दात कोणते आणि किती बसवायचे, हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. ते चालवणारा कोण, हा पहिला.

आता गांधीजींकडे येऊ. 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला जन्मलेल्या या मुलाच्या आत्मकथेत खाण्याच्या आठवणी जागोजागी आहेत. आई पुतळीबाई चातुर्मासात कडक व्रते करणारी. अन्न नाकारता येते, हा पहिला धडा घरातला. दुसरा धडा नदीकाठी एकांतात मिळाला. इंग्रज बलवान आहेत कारण ते मांस खातात, हे एका मित्राने त्याच्या मनावर ठसवले आणि चोरून बोकडाचे मांस खाऊ घातले. ते चामड्यासारखे चिवट लागले. चावता चावेना, ओकारी आली आणि खाणे टाकावे लागले. रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतो आहे असे वाटून झोप मोडत राहिली. पुढे काही काळ हा प्रयोग चालला, मग आईवडिलांशी खोटे बोलावे लागते म्हणून त्याने तो सोडला. 1888 साली इंग्लंडला जाताना मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ आईपुढे घेतली. लंडनमध्ये तो आधी शपथेने शाकाहारी होता आणि मग पुस्तके वाचून मनाने झाला.

तोंड हे केवळ खाण्याचे साधन नाही, ते माणसाचा पाडाव करण्याचीही जागा आहे. हे दक्षिण आफ्रिकेत कळले. 10 फेब्रुवारी 1908 ची सकाळ. जोहान्सबर्गमध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीप्रमाणे स्वतःहून नोंदणी करून देण्यासाठी गांधी कचेरीकडे निघाले होते. ही तडजोड म्हणजे विश्वासघात आहे असे वाटून मीर आलम नावाच्या पठाणाने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना रस्त्यात काठ्यांनी मारले. ते बेशुद्ध पडले. रेव्हरंड जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले. डॉक्टरांनी गालाला आणि वरच्या ओठाला टाके घातले, टाके निघेपर्यंत बोलायचे नाही असे बजावले, आणि फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगितले. अडतीस वर्षांचा एक नामांकित वकील. त्याचे बोलणे बंद आणि चावणेही बंद. त्याने कागद मागवले आणि लिहून कळवले की मारणाऱ्यांवर खटला भरू नये. सरकारने तो तरीही भरला आणि शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी. आपण ज्याला दातओठ खाणे म्हणतो, ते करण्याचा त्या दिवशी त्यांना पुरेपूर हक्क होता. त्यांनी तो वापरला नाही. डोक यांनी पुढच्याच वर्षी त्यांचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले.

यानंतरच्या आयुष्यात हे तोंड त्यांनी पुरते आपल्या ताब्यात घेतले. 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात चोवीस तासांत पाचच जिन्नस खायचे आणि सूर्यास्तानंतर खायचे नाही, असे व्रत घेतले. आठवड्यातला सोमवार मौनाचा ठरला. उपवासांची गणती तर जगाला ठाऊक आहे. म्हणजे जबडा केव्हा हलायचा, केव्हा स्थिर राहायचा, बोलण्यासाठी किती आणि खाण्यासाठी किती, याचे वेळापत्रक त्यांनी ठरवले. 1929 च्या उन्हाळ्यात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, बदाम, कच्चा पाला, लिंबू आणि मध. बदाम आणि पाला वाटून घ्यावे लागत. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या तोंडाला उखळाची मदत लागू लागली होती. काही आठवड्यांनी पोट बिघडले आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. फसलेला प्रयोगही ते लोकांपुढे मांडत, हे त्यांचे वैशिष्ट्य.

1930 साली येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. साताऱ्यात जन्मलेल्या काकांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. काका रोज दातणाचे टोक ठेचून बापूंना देत. बापूंनी सांगितले की वापरलेला भाग कापून टाका आणि तीच काडी उद्या पुन्हा द्या. तुरुंगात काड्यांना तोटा नव्हता. पण मुबलक आहे म्हणून वाया घालवण्याचा हक्क मिळतो, हे त्यांना मान्य नव्हते. ती काडी पार वाळून आखूड होईपर्यंत चालली. बँकेत जन्म घालवलेल्या मला हा हिशेब फार आवडतो.

पुढचे पर्व आपल्या विदर्भातले. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, घाण्याचे तेल यांचा पुरस्कार तिथून झाला. गावात फुकट उगवणाऱ्या पाल्याभाज्या कच्च्या खाव्यात, असे ते लिहीत. आज वाशिम जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ज्याचे नवल वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे 1935 साली मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीन शिजवून वाढण्याचे प्रयोग चालले होते आणि बापू 'हरिजन'मधून त्यावर लिहीत होते. आमच्या रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या शिवारात त्या काळी ज्वारी-कापसाचे राज्य होते. आज खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन दिसते, पण ते बाजार समितीत जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात जाते. आपल्या ताटात दाण्याच्या रूपात क्वचितच येते. 30 एप्रिल 1936 रोजी बापू सेगावला राहायला गेले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले.

सेवाग्रामच्या या काळातच त्यांचे कवळीचे तोंड जगाने पाहिले. जून 1942 मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर तिथे राहिला. त्याने नोंदवले आहे की गांधी कवळी फक्त जेवताना लावत, आणि ती काढून चारचौघांत धूत. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या नोंदीवर मला थांबावेसे वाटते.

कवळी ही हिरड्यांवर टेकलेली वस्तू आहे, हाडात रुजलेली नव्हे. तिने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची मात्र जीभ, गाल आणि ओठ यांच्या स्नायूंनी मिळून धरून ठेवायची असते. त्यांना ते शिकावे लागते. नव्या कवळीवाल्याने छोटे, मऊ घास घ्यावेत आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावे असे सांगतात, ते याचसाठी. एकाच बाजूने चावले की कवळी दुसऱ्या बाजूने उचलली जाते. पहिले काही आठवडे हा स्नायूंचा शाळेत जाण्याचा काळ असतो. ज्याने पहिल्याच आठवड्यात कंटाळून कवळी कपाटात ठेवली, त्याचे पैसे वाया गेले.

जगाच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1789 साली पदावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा. ती खरे तर पाणघोड्याच्या दाताची आणि माणसांच्या दातांची होती. वरचा आणि खालचा भाग स्प्रिंगांनी जोडलेला असे. स्प्रिंग दोन्ही भागांना सतत दूर ढकलणार, म्हणून तोंड मिटलेले ठेवायलाही जबड्याचे स्नायू सदोदित आवळून धरावे लागत. चित्रांतला त्यांचा तो आवळलेला, करारी चेहरा आठवा. त्यातला काही करारीपणा स्प्रिंगेचा होता. आपल्या दातांची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून ते फार जपत. दोन देशांचे दोन राष्ट्रपिते, दोघांच्या तोंडात दात नाहीत. एकाने ते लपवण्यासाठी जन्मभर जबडा आवळला; दुसऱ्याने कवळी काढून सर्वांसमोर धुतली आणि बोळक्याने हसला.

दंतवैद्यकाच्या दृष्टीने मात्र बापूंचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. कवळी रात्री काढून ठेवावी, हिरड्यांना विसावा द्यावा, हे खरे. पण दिवसभर ती न वापरली तर स्नायूंचा सराव तुटतो. दात नसले की खालचा जबडा वाजवीपेक्षा जास्त मिटतो, नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडतात. दातांविना जबड्याचे हाडही झिजत जाते, खालचे तर वरच्यापेक्षा जास्त. ही उंची किती असावी हे ठरवणे म्हणजे कवळी करणाऱ्याची खरी परीक्षा. तो रोग्याला खांदे सैल सोडून बसवतो, गिळायला सांगतो, 'स' येणारे शब्द म्हणायला लावतो. आपण शांत बसलेलो असताना ओठ मिटलेले असतात, पण वरखालच्या दातांत दोनचार मिलिमीटरची फट असते. त्या वेळी स्नायू विसाव्यात असतात. ती फट कवळीतही राखायची. उंची जास्त झाली तर बोलताना दात खटखटतात आणि गाल दुखून येतात, कमी झाली तर चेहरा सुरकुततो. आता हाडात धातूचे खुंट रोवून त्यांवर कवळी अडकवण्याची सोय झाली आहे. पण तीही शेवटी याच स्नायूंच्या हाती सोपवायची असते.

बापूंच्या काळात ही विद्या आपल्याकडे बाल्यावस्थेत होती. देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात काढले. आज सेवाग्रामपासून जवळच सावंगीला दंत महाविद्यालय आहे, नागपूरला 1968 पासून सरकारी आहे. सोय आली, संकोच मात्र तसाच राहिला.

बँकेत असताना दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येत. पासबुकावर चिकटवलेला फोटो आणि काउंटरसमोरचा चेहरा यांचा मेळ बसेना, असे अनेकदा होई. फोटोत भरलेले गाल, समोर खचलेले. फोटो कवळी लावून काढलेला आणि बँकेत येताना कवळी घरी ठेवलेली. सही जुळे, म्हणून काम होऊन जाई. पण मला लक्षात राहिले ते दुसरेच. ही माणसे बोलताना तोंडावर हात धरत. आयुष्यभर शाळेत शिकवलेले मास्तर, कोर्टात नाझर राहिलेले गृहस्थ, शेतात राबलेल्या आजीबाई, सगळे पदराआड नाहीतर रुमालाआड बोलत. हळूहळू त्यांनी लग्नाच्या पंगतीला बसणे सोडलेले असे, मग पाहुण्यांत बसणेही. घरचे म्हणत, आताशा आबांचा स्वभाव एकलकोंडा झाला. स्वभावाला काही झालेले नसे. चारचौघांत चावता येत नाही, एवढेच झालेले असे.

बापू 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले आणि तिथे त्यांनी आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की पिठूळ अन्न पातळाबरोबर गिळू नये, कोरडे खावे आणि नीट चावावे, म्हणजे लाळ त्यात मिसळते. ज्याच्या तोंडात स्वतःचे दात उरले नव्हते, असा त्र्याहत्तरीचा माणूस हे लिहीत होता. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण पिठाचे पचन लाळेने तोंडातच सुरू होते. याच पुस्तकात त्यांनी तंबाखूवरही कठोर लिहिले, खाण्याच्या तंबाखूवर तर विशेष.

इथे आमच्या भागातली एक दुखरी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करतात. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्ऱ्याची पन्नी पोरांच्या खिशातून गेली नाही. सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू आवळत जाते, दोरखंडासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या मुलांच्या तोंडात दोन मावत नाहीत, मग एक. हा रोग पुढे कर्करोगाकडेही वळू शकतो. दाढ काढायची तर डॉक्टरांचे हत्यार आत जाईना, अशी स्थिती येते. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आणि जबडा उघडत नाही, अशी पंचविशीतली दातखीळ ही बोळक्या म्हातारपणापेक्षा कितीतरी भयंकर आहे. आजोबांना दात नाहीत म्हणून भाकरी जात नाही आणि नातवाला तोंड उघडत नाही म्हणून जात नाही, अशी घरे आमच्या तालुक्यांत आहेत.

30 जानेवारी 1948 पर्यंत बापूंच्या तोंडाने आपले काम केले. त्याच महिन्यात दिल्लीत त्यांनी शेवटचा उपवास केला होता. दात जाणे त्यांना चुकवता आले नाही, ते कुणालाच फारसे चुकत नाही. पण तोंड त्यांनी कधी टाकून दिले नाही. जे चावता येईना ते वाटून घेतले, जेवणापुरती कवळी लावली, आणि बोलताना-हसताना तोंडावर हात धरला नाही.

आज रविवार. दुपारी घरातली सगळी मंडळी एकत्र जेवायला बसतील तेव्हा जरा आजीच्या ताटाकडे पाहा. त्या सगळ्यांच्या आधी पुरे म्हणतात का, चार घास झाले की पाणी पितात का, कवळी असूनही ती डबीतच आहे का, एवढे बघा. असेल तर त्यांना रागे भरू नका. कवळी घेऊन त्यांच्यासोबत दंतवैद्याकडे जा. बहुधा ती थोडी घासावी लागेल, किंवा तिची उंची पुन्हा पाहावी लागेल. तोवर भाकरी मऊ करून द्या, पण त्यांचे ताट वेगळे काढू नका. आणि नातवाला सांगा, आजीसमोर तीन बोटे तोंडात घालून दाखव. आजी हसतील, आणि तुम्हालाही काय ते कळेल.